गावकीची खोली आणि खानावळीची उधारी

मुंबईच्या कापड गिरणीत नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पगार पडायला साधारण दीड महिना जायचा. पगार महिन्याचा, आणि तोही पुढचा महिना निम्मा सरत आला की मिळणार, अशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक गिरण्यांची रीत होती. कोकणातून बोटीने किंवा घाटावरून पायी आणि रेल्वेने आलेल्या तरुणाने तोवर खायचे काय आणि अंग टाकायचे कुठे, याचे उत्तर मालकाकडे नव्हते. सरकारला तर हा प्रश्नच वाटत नव्हता. तरीही 1856 साली ताडदेवला कावसजी दावरांची पहिली गिरणी सुरू झाल्यापासून पुढची सव्वाशे वर्षे माणसे येत राहिली, आजारी पडली, बेकार झाली, संपावर गेली, आणि त्यातली बरीचशी तगली. ती कुणाच्या आधारावर तगली, हा मला गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईतल्या या गिरणी वस्तीच्या, इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ‘तेव्हा माणुसकी होती’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. माणुसकी असायला राहायची जागा लागते, वर्गणीची वही लागते, आणि उधारी किती दिवस थांबवायची याचा रिवाज लागतो. गिरणगावाने ही सगळी व्यवस्था स्वतःच्या हाताने उभी केली. तिचे बळ नेमके कशात होते आणि ती कुठे कमी पडली, हे पाहिल्याशिवाय तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे गावकीची खोली. सुरुवातीच्या काळात मुंबईत येणारा कामगार बहुधा एकटा पुरुष असे. घरभाडे परवडत नसे, म्हणून बायको-मुले गावीच. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागली आणि 1921 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतल्या दर पाचांपैकी चार माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. अशा एकेका गावच्या पुरुषांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, भाडे वाटून घ्यायचे, आणि खोली गावाच्या नावाने ओळखली जायची. पुढे 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारच्या विकास खात्याने बीडीडीच्या 207 चाळी बांधल्या. तिथली खोली 160 चौरस फुटांची. एवढ्या जागेत वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त पुरुष ‘राहायचे’, ते पाळ्यांच्या आधाराने. पहिल्या पाळीचा माणूस वळकटी गुंडाळून निघाला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर आपली वळकटी उलगडायचा. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंटीखाली ज्याची त्याची पत्र्याची ट्रंक, कोपऱ्यात मोरी, वर देवाची तसबीर. कपडे दोरीवर, पाय दुसऱ्याच्या उशाशी. पावसाळा सोडला तर निम्मे लोक गॅलरीत, जिन्यात किंवा फुटपाथवर झोपायचे, म्हणून खोलीत श्वास घेता यायचा. या दाटीत रम्य असे काही नव्हते. क्षय याच दाटीत पसरला, हे विसरून चालणार नाही.

पण या खोलीचा एक नियम मोलाचा होता. गावचा माणूस बेकार असला तरी त्याची जागा जात नसे. नवा आलेला, अजून काम न लागलेला, किंवा बदली म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून हात हलवत परतणारा असला, तरी त्याच्याकडून तोवर भाड्याचा वाटा कुणी मागायचे नाही. काम लागले की त्याने द्यायचा, आणि पुढे दुसऱ्या कुणासाठी तोच नियम पाळायचा. बदली कामगारांची संख्या मोठी होती. 1935 साली गिरणी मालक संघाने बदलीची कार्डे सुरू करेपर्यंत त्यांच्या हजेरीची धड नोंदही नव्हती, आणि कुणाला किती दिवस भरतील हे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या मर्जीवर ठरायचे. अशा माणसाला या नियमाने काय मिळत होते? रात्रीचा निवारा तर मिळतच होता, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की त्याला तो मागावा लागत नव्हता. मदत मागताना माणूस लहान होतो. ज्याची पाळी आज आहे त्याला ठाऊक असे की उद्या ती समोरच्याची असेल, आणि खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ते दिवस काढलेले असत. दया करणारा आणि दया घेणारा असे दोन वर्ग तिथे तयारच होत नव्हते. हाच रिवाज आजारपणात आणि मरणातही चाले. गावच्या लोकांच्या ग्रामस्थ मंडळाची महिन्याची वर्गणी ठरलेली असे. कुणी दगावला तर गावी तार करणे, खांदेकरी जमवणे, बायकामुलांच्या हातात काही रक्कम पडेल असे पाहणे ही मंडळाची कामे. तीच मंडळी गणपतीला भजनाला बसत, तीच शिमग्याला गावी जाणाऱ्यांबरोबर निरोप आणि पैसे पाठवत. सुखाच्या प्रसंगी महिन्यातून चारदा भेटणारी माणसे होती, म्हणून दुःखाच्या रात्री कुणाला हाक मारायची हे शोधावे लागले नाही.

दुसरा आधार खानावळीचा. एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. कुणाचा नवरा गिरणीत होता पण घर भागत नव्हते, कुणी विधवा, कुणी टाकलेली. आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह किंवा चूल पेटवून दहा, वीस, तीस मेंबरांचे दोन वेळचे जेवण रांधायचे, पाळीप्रमाणे पंगती उठवायच्या, डबे भरून द्यायचे, आणि पैसे पगार झाला की घ्यायचे. महिनाभराचे धान्य, तेल, रॉकेल मात्र आधी आणावे लागे. त्यासाठी वाण्याची उधारी, आणि ती पुरली नाही तर सावकाराचे कर्ज, अनेकदा मंगळसूत्र गहाण ठेवून. म्हणजे दीड महिना पगाराशिवाय राहणाऱ्या कामगाराचे जेवण प्रत्यक्षात ही बाई पुरवत होती, आणि त्या उधारीवरचे व्याज ती एकटी भरत होती. एखादा मेंबर आजारी पडला, त्याचे खाडे झाले, तर त्या महिन्याचा हिशेब पुढे ढकलला जाई. त्याचे ताट बंद होत नसे. गिरणी उद्योगाचे जे अर्थशास्त्र लिहिले गेले त्यात कापूस, यंत्रे, मजुरी यांचे आकडे आहेत. या ताटाचा आकडा त्यात कुठे नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की ही करुणा कसली, ही तर गरज आणि व्यवहार. खोली वाटून घेतली कारण एकट्याला परवडत नव्हती. वाणी उधार देत होता कारण त्याला गिऱ्हाईक टिकवायचे होते. खानावळवाली थांबत होती कारण तिचे पैसे अडकलेले होते. हे सगळे बरोबर आहे. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी गिरणगावातली उधारी, मुकादमी आणि गावकीचे हितसंबंध किती गुंतलेले होते ते बारकाईने दाखवले आहे. पण यातून करुणेला काही बाध येतो असे मला वाटत नाही. केवळ भावनेवर उभी राहिलेली मदत पहिल्या आठवड्यात भरभरून येते आणि तिसऱ्या आठवड्यात आटते. जिथे देणाऱ्यालाही काही राखायचे असते, तिथे ती टिकते. 1928 चा संप याची कसोटी होता. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. युनियनकडे इतक्या माणसांना पोसण्याचा निधी असणे शक्यच नव्हते. हजारो कामगार गावी जाऊन शेतीला लागले, राहिलेल्यांना खोलीने सांभाळले, वाण्यांनी आणि खानावळींनी उधारी लांबवली. निव्वळ नफा पाहणाऱ्याने दुसऱ्या महिन्यातच वही बंद केली असती. वाण्याला आपल्याच चाळीत, त्याच माणसांच्या शेजारी राहायचे होते, त्यांच्याच लग्नाला आणि मयताला जायचे होते. व्यवहार आणि शेजार यांची सरमिसळ होती म्हणूनच संप सहा महिने चालू शकला.

याहून गंभीर आक्षेप असा की या सगळ्याचा खरा फायदा मालकांना झाला. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, बाई बाळंतपणाला आली की ओझे गावाकडच्या घरावर पडे. तिथे कामगाराची बायको शेत कसत होती, सासू-सासरे सांभाळत होती, आणि मुंबईची मनीऑर्डर आली नाही तरी भागवत होती. गिरणीला तगडा माणूस तेवढा मिळायचा, त्याला वाढवण्याचा आणि त्याच्या पडत्या काळाचा खर्च दुसरे कोणी सोसायचे. गावकीची खोली आणि खानावळ नसती तर मालकांना मजुरी वाढवावी लागली असती, असे म्हणता येते. या आक्षेपात मोठे तथ्य आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याचा पुढचा निष्कर्ष, म्हणजे परस्परांची मदत कामगाराला मिंधे आणि गप्प ठेवते, हा मात्र इतिहासाला धरून नाही. हक्काची मागणी याच जाळ्यातून वर आली. नारायण मेघाजी लोखंडे 1884 मध्ये कामगारांना एकत्र आणून सुट्टीची मागणी मांडू शकले आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा आजच्या अर्थाने युनियन अस्तित्वात नव्हती, माणसांचे आपसातले बांधलेपण तेवढे होते. हेच लोखंडे प्लेगच्या साथीत लोकांसाठी राबताना 1897 मध्ये त्याच रोगाने गेले. त्यांच्या ठायी मागणी आणि सेवा या दोन वेगळ्या वाटा नव्हत्या. ना. म. जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली ती रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखान्यांसाठी, आणि त्याच कामातून त्यांना दिसत गेले की दवाखाना पुरणार नाही, कायदा लागेल. 1920 मध्ये आयटक ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना उभी राहिली त्यात जोशी होते. 1929 चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. 1948 चा राज्य विमा कायदा आणि 1952 चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा त्यानंतरचे. खोलीतल्या वर्गणीच्या वहीत जे तत्त्व होते, की आजारपण आणि म्हातारपण एकट्याचे नसते, तेच तत्त्व या कायद्यांत आले, फक्त आता वर्गणीत मालकालाही धरले गेले.

तिसरा आक्षेप जातीचा, आणि त्याच्यापुढे गिरणगावाचा कुठलाही गौरव खाली मान घालतो. गावकीची खोली गावाची असे म्हणायचे, पण गाव म्हणजे गावातली एक जात, फार तर दोन-चार. महारवाड्यातला माणूस त्या खोलीत वळकटी टाकू शकत नव्हता. त्याची चाळ वेगळी, नळ वेगळा. विणाई खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे त्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. सोबत राबणारे, सोबत संप करणारे लोक हे सहज पाळत होते. डॉ. आंबेडकर परळच्या चाळीत राहिलेले, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय 1924 पासून परळच्याच दामोदर हॉलमध्ये. 1928 च्या संपात त्यांनी हा विणाई खात्याचा प्रश्न पुढे आणला, तो योग्य जागी बोट ठेवणारा होता. आतल्यांना ऊब देणारी भिंत बाहेरच्याला गारठ्यात ठेवते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांच्या अनुयायांनी मुंबईत स्वतःची मंडळे, पंचायती, वर्गणी उभी केली, कारण दुसऱ्यांच्या वहीत आपले नाव कधीच चढणार नव्हते. नियमाने बांधलेली माणुसकी टिकाऊ असते हे मी वर म्हटले. त्याला जोडून हेही म्हटले पाहिजे की नियमाने बांधलेला दुजाभाव तितकाच टिकाऊ असतो.

एखादा माणूस ही भिंत ओलांडत होता, हे खरे. रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आणि त्यांच्या पत्नी काशीबाईंनी उचलून घरी नेले. त्याची जात कुणाला ठाऊक नव्हती, गाव कुणाला ठाऊक नव्हते. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. मराठी कवितेवरचे हे ऋण फेडण्यासारखे नाही. पण गंगारामांनी गिरणी सोडून गावचा रस्ता धरला, तेव्हा तो मुलगा लहान वयातच मुंबईत एकटा मागे राहिला, आणि हॉटेलात, गिरणीत मिळेल ते काम करत मोठा झाला. सुर्वे दांपत्याच्या थोरवीत याने काही उणे येत नाही. मुद्दा व्यवस्थेचा आहे. एका घराचे मन मोठे असू शकते, पण जिथे सगळा आधार गावाच्या नावाने दिला जातो, तिथे गाव नसलेल्या पोराला धरायला काहीच उरत नाही.

बायकांच्या बाबतीत भिंत वेगळ्या प्रकारची होती. त्या व्यवस्थेच्या आतच होत्या, पण तिच्या सभासद नव्हत्या. 1920 च्या सुमारास गिरणी कामगारांत साधारण पाचांतली एक स्त्री होती, मुख्यतः वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत, आणि पुढच्या दशकांत हे प्रमाण घटत गेले. ज्या बायकांना गिरणीने बाहेर काढले त्यांतल्या कितीतरी खानावळीकडे वळल्या. ग्रामस्थ मंडळाच्या सभेत त्या नसत, युनियनच्या कमिटीत नसत. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिले. 1974 च्या 42 दिवसांच्या संपातही खानावळवाल्यांनी ताटे बंद केली नव्हती, आणि त्यापायी त्या सावकाराच्या कर्जात आणखी खोल गेल्या होत्या. 1975 मध्ये प्रेमाताईंनी 14 खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. मागणी साधी होती. राष्ट्रीयीकृत बँकेने या बायकांना कर्ज द्यावे. गहाण ठेवायला काही नाही, सही करता येत नाही, दुकानाचा परवाना नाही, अशा बायकांना बँक कर्ज देत नसे. मंडळाने एकीला दुसरीची जामीन केले. गल्लीतल्या बायकांनी एकत्र हमी द्यायची आणि एकत्र फेडायचे. गहाण पडलेली मंगळसूत्रे सुटू लागली ती या कर्जातून. गावकीच्या खोलीचेच तत्त्व हे, पण इथे गाव आणि जात या अटी नव्हत्या, काम हीच ओळख होती. माझ्या दृष्टीने गिरणगावाने स्वतःला केलेली ही सर्वांत मोठी दुरुस्ती, आणि ती ज्यांना सभेत बसायला जागा नव्हती त्यांनी केली, हा योगायोग नव्हे. कडेला उभ्या असलेल्या माणसालाच भिंत नीट दिसते.

शेवटचा आक्षेप 1982 चा. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि दीड वर्ष उलटले तरी संप रीतसर मागे घेतला गेला नाही. इतकी मजबूत व्यवस्था होती तर ती हरली कशी? मला वाटते, ती हरली यापेक्षा ती इतका काळ लढली कशी हे आधी पाहावे. गावांनी पुन्हा माणसे सामावून घेतली, ग्रामीण भागातून संपकऱ्यांसाठी धान्य गोळा झाले, कामगार उसाच्या फडात आणि रोजगार हमीच्या कामांवर गेले. पण या व्यवस्थेची रचना एका गृहीतावर होती: आजचा बेकार उद्या कामावर असेल, आणि आज ज्याने वाटा दिला नाही तो पुढच्या पगाराला देईल. सगळ्यांची पाळी एकाच वेळी आली आणि परत कामावर जायला गिरणीच राहिली नाही, तेव्हा फिरवायला काही उरले नाही. अशा संकटात सरकारचे काम सुरू होते. तिथे सरकार मालकांच्या बाजूला उभे राहिले, आणि पुढे 1991 च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला किती सांभाळायचे याला मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडल्यावर शेजार कमी पडला असे म्हणणे म्हणजे ज्याने हात आखडला त्याला सोडून ज्याने अखेरपर्यंत दिले त्याला दोष देणे.

त्या पडझडीत खानावळींची मोठी रक्कम बुडाली. संपाच्या पहिल्या महिन्यांत जेवलेले मेंबर गावी गेले ते परतलेच नाहीत, आणि ज्या बायकांनी त्यांना जेवू घातले त्यांच्या वह्यांतली येणी तशीच राहिली. अन्नपूर्णेने पुढे गिरण्यांवर विसंबणे सोडून कार्यालयांना डबे, मोठ्या मागण्यांचा स्वयंपाक, कर्जवाटप असे मार्ग धरले, म्हणून त्यातल्या काही जणी सावरल्या. दुसरीकडे, गिरणी कामगारांच्या घरांसाठी संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि 2012 मध्ये म्हाडाने 6,925 घरांची पहिली सोडत काढली. अर्जदार दीड लाखाच्या घरात होते. हक्क सिद्ध करायला गिरणीच्या हजेरीपटावर नाव असल्याचा पुरावा लागत होता: तिकीट नंबर, पगाराची पावती, विम्याचे कार्ड. तो दाखवून कामगाराला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता आला. त्याच कामगाराला वीस वर्षे दोन वेळ वाढणाऱ्या बाईला अर्ज करता आला नाही, कारण गिरणीच्या कुठल्याही पटावर तिचे नाव कधी नव्हतेच.